गडाच्या वाटेवर बॅटरी पुरेल का?

चैत्र लागला की खान्देशातून सप्तशृंगी गडाच्या वाटा भरून जातात. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत गडावर चैत्रोत्सव असतो आणि त्याच्या आधीपासूनच जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गावागावांतून पायी निघालेले जथे रस्त्याला लागलेले असतात. धरणगावहून निघालेला जथा एरंडोल, पारोळा, धुळे, मालेगाव करत कळवण तालुक्यातल्या नांदुरीला पोहोचतो. सोबत एखादा छोटा हत्ती किंवा पिकअप असतो. त्यात अंथरूण-पांघरूण, शिधा, पाण्याच्या टाक्या, गॅस आणि भजनाचा साउंड.

अशा जथ्यात अलीकडे आणखी एक वाहन दिसू लागले आहे. दिव्यांग व्यक्तीची बॅटरीवर चालणारी तीनचाकी. आता मुक्कामाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. रात्री सगळे जेवून आडवे झाले. कुणीतरी तीनचाकीचा चार्जर छोटा इन्व्हर्टर लावून टेम्पोच्या बॅटरीला जोडला आणि झोपून गेला. पहाटे चारला निघायचे म्हणून चालकाने चावी फिरवली, तर सेल्फ एकदा घरघरला आणि गप्प बसला. तीनचाकी जेमतेम निम्मी चार्ज झालेली, टेम्पो तर जागचा हलेना. आणि उन्हे वर यायला अवघे तीन तास उरलेले.

चूक कुणाचीच नसते. फक्त निघण्याआधी एक साधा हिशेब करायचा राहून गेलेला असतो.

हातांनी चालणाऱ्यांचे पाय

परदेशात वृद्ध आणि दिव्यांग लोक ‘मोबिलिटी स्कूटर’ वापरतात. आपल्याकडे तिची जागा मोटर लावलेल्या तीनचाकी सायकलीने घेतली आहे. कानपूरचे भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगम, म्हणजे ‘अलिम्को’, १९७२ मध्ये स्थापन झाले. केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून आणि खासदार निधीच्या जोडीने वाटल्या जाणाऱ्या बऱ्याच तीनचाकी याच निगमाच्या असतात. खासगी दुकानांतही निरनिराळ्या बनावटीच्या मिळतात. गावात तिला कुणी ‘बॅटरीची सायकल’ म्हणतात, कुणी नुसतेच ‘गाडी’.

ही गाडी चैनीची वस्तू नव्हे. भारतात वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण त्याआधीच्या साथींतून वाचलेली पिढी आज चाळिशी, पन्नाशी, साठीत आहे. या लोकांनी आयुष्यभर हाताने पॅडल फिरवून तीनचाकी हाकली किंवा कुबड्यांवर भार टाकला. खांद्याचा सांधा मुळात शरीराचे वजन वाहण्यासाठी घडलेला नाही. वर्षानुवर्षे त्याच्याकडून पायांचे काम करून घेतले की स्नायूबंध झिजतात, हात वर उचलताना कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. पोलिओतून सावरलेल्या काहींमध्ये तर तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा अशक्तपणा आणि थकवा सुरू होतो. पूर्वी धड राहिलेले स्नायूही त्यात दमतात. अशा माणसाला मोटर मिळणे म्हणजे उरलेले हात वाचवणे.

म्हणूनच रस्त्यात बॅटरी संपली तर ‘ढकला थोडे’ इतक्यावर प्रश्न सुटत नाही.

ऊन आणि न येणारा घाम

एप्रिलमध्ये जळगाव-धुळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो. चालणारी माणसे म्हणूनच पहाटे आणि दिवस कलल्यावर चालतात, दुपार सावलीत काढतात. शरीर तापू लागले की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो, घाम वाळताना अंगाची उष्णता घेऊन जातो. हवेचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा जास्त झाले की गार होण्याचा जवळजवळ हा एकच मार्ग उरतो.

मणक्याला दुखापत होऊन मज्जारज्जू निकामी झालेल्या व्यक्तीत हा मार्गच अपुरा असतो. दुखापतीच्या खालच्या भागाला मेंदूचा निरोप पोहोचत नाही, त्यामुळे तिथे घाम नीट येत नाही. दुखापत जितकी मानेच्या जवळ, तितकी अडचण मोठी. बरोबरीचे लोक नुसते घामाघूम झालेले असताना या व्यक्तीच्या अंगात मात्र उष्णता साठत जाते. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, चेहरा लाल होणे, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे दिसली तर वाट न पाहता सावलीत न्यावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि दवाखाना गाठावा. प्रवासात पाणी शिंपडायची साधी बाटली जवळ असली तर न येणाऱ्या घामाचे काम ती थोडेफार करते.

दुसरी गोष्ट संवेदनेची. पायाला स्पर्श कळत नसेल तर उन्हात तापलेली लोखंडी पायपट्टी भाजते तेही कळत नाही. चार्जिंगच्या वेळी चार्जरही तापतो. तो पायाला टेकवून किंवा मांडीवर ठेवून चार्जिंग करू नये. लघवीला जाण्याची सोय नाही म्हणून अनेक जण पाणीच कमी पितात, हे उन्हाळ्यात सर्वांत घातक. मूत्रमार्गाचा संसर्ग आणि उष्माघात दोन्हींना ते आमंत्रण ठरते. शिवाय एकाच जागी तासन्तास बसल्याने दाबाच्या जखमा होतात. त्यासाठी ठरावीक वेळाने हातांवर अंग उचलून किंवा बाजूला झुकून बैठकीवरचा दाब हलका करायला हवा.

एवढे सगळे बॅटरीशी जोडलेले आहे. सावलीपासून पाच किलोमीटर अलीकडे गाडी थांबली तर यांतली प्रत्येक अडचण एकदमच पुढे येते.

कागद-पेन्सिलीचा हिशेब

आता हिशेबाकडे वळू. प्रत्येक बॅटरीवर दोन आकडे छापलेले असतात: व्होल्ट आणि अँपिअर-तास (‘एएच’). दोहोंचा गुणाकार म्हणजे बॅटरीत मावणारी ऊर्जा, वॉट-तासांत. एक हजार वॉट-तास म्हणजे वीजबिलातले एक युनिट.

समजा, तीनचाकीत १२ व्होल्ट, २४ अँपिअर-तासांच्या दोन शिसे-आम्ल बॅटऱ्या एकीला एक जोडून २४ व्होल्ट केले आहेत. २४ गुणिले २४ म्हणजे ५७६ वॉट-तास. साधारण अर्धे युनिट. आपल्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून पाऊण भाग वापरायचा असे धरू. हाती येतात सुमारे ४३० वॉट-तास. नवी बॅटरी, सपाट रस्ता आणि बेताचा वेग असेल तर एवढ्यात पंचवीस-तीस किलोमीटर होऊ शकतात. चढ, खड्डे, कमी हवा असलेले टायर आणि जुनी बॅटरी हा आकडा भराभर खाली आणतात.

पदयात्रेचा एका दिवसाचा टप्पाही साधारण तेवढाच असतो. म्हणजे रोज बॅटरी जवळपास संपणार आणि रोज पूर्ण भरावी लागणार.

भरताना मात्र ४३० घालून भागत नाही. बॅटरी भरताना काही ऊर्जा उष्णतेत जाते, काही चार्जरमध्ये जाते. भिंतीवरच्या सॉकेटमधून साधारण ६४० वॉट-तास घ्यावे लागतात. हेच काम टेम्पोच्या १२ व्होल्टवर इन्व्हर्टर लावून केले तर इन्व्हर्टरही आपला वाटा खातो आणि आकडा ७२० च्या घरात जातो. ७२० भागिले १२ म्हणजे ६० अँपिअर-तास.

छोट्या मालवाहू गाडीची बॅटरी बहुधा ५० ते ८० अँपिअर-तासांची असते. शिवाय ती चालू करण्यासाठी बनवलेली असते. तिच्यातल्या प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त असतात. क्षणभर भरपूर करंट द्यायचा आणि लगेच इंजिनाकडून परत घ्यायचा, एवढेच तिचे काम. तासन्तास थोडा थोडा करंट देणे हा तिचा धर्म नाही. तिच्यातून रात्रभर ६० अँपिअर-तास काढले तर सेल्फ मारायला पहाटे काय उरणार?

चाकांवरच्या घराची युक्ती

युरोप-अमेरिकेत ‘मोटरहोम’ म्हणजे चाकांवरचे घर घेऊन फिरणाऱ्या वृद्ध जोडप्यांपुढेही हाच प्रश्न असतो. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यामुळे अशी वाहने आपल्याकडे अगदीच अनोळखी नाहीत. त्यांच्या वायरिंगमधली मुख्य गोष्ट साधी आहे: बॅटऱ्या दोन असतात. एक फक्त इंजिनाची, दुसरी घराची. दिवे, पंखा, फ्रिज आणि मोबिलिटी स्कूटरचा चार्जर दुसरीवर चालतात. इंजिन चालू असताना आल्टरनेटर दोन्ही भरतो. इंजिन बंद झाले की मधला आयसोलेटर दोघींना तोडतो. घरची बॅटरी कितीही उतरली तरी इंजिनाच्या बॅटरीला धक्का लागत नाही.

हीच युक्ती छोट्या हत्तीत करता येते. घरच्या इन्व्हर्टरला लागते तशी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी वेगळी न्यायची. तिची निम्मी क्षमता वापरली तरी ७५ अँपिअर-तास मिळतात. वर काढलेला ६० चा हिशेब त्यात बसतो. तिच्यावर प्युअर साइन वेव्ह प्रकारचा इन्व्हर्टर आणि त्याला तीनचाकीचा मूळ चार्जर. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर काही चार्जर गुणगुणतात आणि जास्त तापतात. ही बॅटरी पन्नास किलोच्या आसपास वजनाची असते. ती उभी आणि पक्की बांधावी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती बंद पेटीत किंवा गॅसच्या शेगडीशेजारी ठेवू नये.

आता पदयात्रेची एक वेगळी अडचण. परदेशी मोटरहोम दिवसाला दोनशे-तीनशे किलोमीटर धावते, म्हणून आल्टरनेटरला दुसरी बॅटरी भरायला वेळ मिळतो. आपला टेम्पो मात्र जथ्याच्या पुढे वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन थांबतो. दिवसात जेमतेम तासभर इंजिन चालते. तेवढ्यात काम भागत नाही. उभ्या गाडीचे इंजिन तासन्तास सुरू ठेवणे म्हणजे डिझेल जाळणे. आळशी फेऱ्यांवर आल्टरनेटर पुरते देतही नाही आणि धुराने झोपलेल्यांचा जीव धोक्यात येतो.

इथे खान्देशचे ऊन कामाला येते. टेम्पोच्या टपावर ३३० वॉटचे एक सौर पॅनल बांधले तर चैत्रातल्या निरभ्र दिवशी सुमारे एक युनिट वीज मिळू शकते. दुसऱ्या बॅटरीत होणारी घट धरूनही एका दिवसाची तीनचाकी त्यात भरते. मात्र ऊन जास्त म्हणून वीज जास्त असे होत नाही. पॅनल तापले की त्याची क्षमता दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने घटते. सत्तर अंशांपर्यंत तापलेले पॅनल नोंदवलेल्या क्षमतेपेक्षा सहावा हिस्सा कमी देते. म्हणून पॅनल टपाला चिकटवू नये, खालून वारा जाईल एवढी जागा ठेवावी. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये एमपीपीटी प्रकारचा चार्ज कंट्रोलर हवा. आषाढात पंढरीच्या वाटेवर ढगाळ आभाळात हा हिशेब अर्ध्यावर किंवा त्याहून खाली येतो, हेही लक्षात ठेवावे.

तीन मोह टाळायचे

पहिला मोह: गाडीच्या लायटर सॉकेटमध्ये इन्व्हर्टर खोचणे. त्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो. तीनचाकीचा ५ अँपिअरचा चार्जर इन्व्हर्टरमार्फत तिथून १६ अँपिअरच्या आसपास ओढतो. फ्यूज उडाला तर नशीब. फ्यूजच्या जागी तार गुंडाळली असेल तर वायर पेटते. इन्व्हर्टर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर, जाड तांब्याच्या वायरीने आणि बॅटरीलगत फ्यूज लावूनच जोडावा. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे.

दुसरा मोह: सोबत ट्रक असेल तर त्याच्या २४ व्होल्टवरून तीनचाकीच्या २४ व्होल्टला थेट वायर टाकणे. आकडे सारखे असले तरी मध्ये करंट आवरणारे काहीच नसते. भरलेल्या मोठ्या टाकीतून रिकाम्या छोट्या टाकीत नळ पूर्ण सोडल्यासारखे होते. बॅटरी फुगू शकते, फुटू शकते. १२ व्होल्टच्या गाडीवरून २४ व्होल्टची बॅटरी तर अशी भरतच नाही, कारण खालच्या टाकीतून वरच्या टाकीत पाणी आपोआप चढत नाही. त्यासाठी इन्व्हर्टर आणि चार्जर किंवा व्होल्ट वाढवणारा डीसी-डीसी चार्जर लागतो.

तिसरा मोह: कुणाचाही चार्जर लावणे. लिथियम आणि शिसे-आम्ल बॅटऱ्यांचे चार्जर वेगळे असतात. लिथियम बॅटरीला शिसे-आम्लचा चार्जर लावणे आगीला निमंत्रण ठरू शकते. रेल्वेने जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे की डब्यातले सॉकेट मोबाइल-लॅपटॉपसाठी असतात, तीनचाकीच्या चार्जरसाठी नव्हेत.

बॅटरीलाही ऊन लागते

माणसाप्रमाणे बॅटरीलाही खान्देशचा उन्हाळा सोसत नाही. शिसे-आम्ल बॅटरी २५ अंशांच्या आसपास सुखात असते. त्याहून सतत दहा अंश जास्त तापमानात राहिली तर तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. गरम बॅटरीला चार्जिंगचे व्होल्टही थोडे कमी लागतात. चांगला चार्जर ते ओळखतो, स्वस्त चार्जर ओळखत नाही आणि बॅटरी उकळत राहते. लिथियम बॅटरी ४५ अंशांवर चार्ज करू नये असे बहुतेक उत्पादक सांगतात, आणि उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या सीटखाली तेवढे तापमान सहज होते.

म्हणून मुक्कामाला पोहोचल्याबरोबर चार्जर लावू नये. तीनचाकी सावलीत, वाऱ्यावर तासभर निवू द्यावी. दुपारी पॅनलने टेम्पोतली बॅटरी भरावी आणि दिवस कलल्यावर तिच्यातून तीनचाकी. शिसे-आम्ल बॅटरी उतरलेल्या अवस्थेत दोन-तीन दिवस तशीच ठेवली तर प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर धरतात आणि बॅटरी ‘बसते’. थोडेच अंतर गेलो म्हणून आज चार्जिंग नको, असे करू नये.

घाटाचाही विचार हवा. माणूस आणि गाडी मिळून १५० किलो वजन शंभर मीटर उंच चढवायला निव्वळ ४१ वॉट-तास लागतात, मोटरमधली घट धरली तर त्याहून बरेच जास्त. लहान मोटर अशा चढावर तापते आणि बंद पडते. नांदुरीपासून गडाचा घाट तीनचाकीने चढण्याचा हट्ट न धरता ती टेम्पोत चढवावी. गडावर पायऱ्यांना पर्याय म्हणून २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू आहे.

सर्वांत स्वस्त उपाय

एवढे सगळे सांगून झाल्यावर एक गोष्ट उरते. वेगळी बॅटरी, इन्व्हर्टर आणि पॅनल हा हजारोंचा खर्च आहे. ज्याला जमेल त्याने करावा, चार जणांत मिळून करावा. पण रोजच्या चार्जिंगला लागते ते पाऊण युनिटपेक्षाही कमी. त्याची किंमत टपरीवरच्या चहाएवढी. मुक्कामाची शाळा, मंदिराचा सभामंडप, ग्रामपंचायतीचे कार्यालय यांतले एक साधे सॉकेट पाच-सहा तास मोकळे मिळाले तर बाकी काहीच लागत नाही. भजनासाठी जनरेटर चालणारच असेल तर त्या तीन-चार तासांत तीनचाकीही अर्धीअधिक भरते. जनरेटर मात्र झोपायच्या जागेपासून दूर, उघड्यावर हवा, कारण त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

महाराष्ट्रात ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवायचा असतो. पदयात्रांच्या नेहमीच्या मुक्कामी, उतार केलेल्या ओट्यावर, पत्र्याच्या सावलीत आणि बसल्या जागी हात पोहोचेल अशा उंचीवर एक अर्थिंगचे सॉकेट एवढे काम त्या निधीत सहज बसण्याजोगे आहे. यात्रा सरल्यावर गावातल्याच दिव्यांगांना ते वर्षभर उपयोगी पडेल. वीज गेली की आज त्यांनाही शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरकडे पाहावे लागते.

निघण्याआधी

• बॅटरीवरचे व्होल्ट आणि अँपिअर-तास, तसेच चार्जरवरचे अँपिअर कागदावर उतरवून गाडीत ठेवा.

• आठवडाभर आधी तालीम करा. दिवसाच्या टप्प्याएवढे अंतर गावाभोवती फिरा, टेम्पोच्या व्यवस्थेवर रात्री चार्ज करा आणि सकाळी टेम्पोचा सेल्फ मारून पाहा.

• मुक्कामाच्या ठिकाणी आधी फोन करून सॉकेटची सोय विचारा.

• तीनचाकी टेम्पोत चढवताना चावी काढा, चाके बांधा.

• पाणी, ओली करायची सुती कापडे, शिंपडायची बाटली आणि नेहमीची औषधे टेम्पोत नव्हे, तीनचाकीवरच ठेवा.

• बॅटरीचा काटा निम्म्यावर आला की सोबतच्यांना सांगा. पाव भाग उरण्याची वाट पाहू नका.